कॅप्टन थॉर्नबीच्या बदल्यात

वाल्पाराइसो, १ ऑक्टोबर १९७३

प्रिय सुनिल्दा,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. लष्कराने सत्ता घेतल्यावर बंद पडलेली निकानोरची बस परवापासून पुन्हा सुरू झाली आहे, त्याच्याच हाती देतोय. तूही उत्तर त्याच्याकडेच दे. आणि आईच्या खोलीत वाचू नकोस. आधी परसात जा.

इस्माएलला नेलं.

शुक्रवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. मी घेवडा शिजवला होता. तो म्हणाला, "मामा, मीठ विसरलास. का तुझा थॉर्नबी अळणी खायचा?" मी मिठाचं भांडं आणायला उठलो आणि दारावर थापा पडल्या. पाच सैनिक होते. एकाच्या हनुवटीवर अजून तारुण्यपीटिका होत्या. नाव विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तुझा मुलगा स्वतःच उठून उभा राहिला. "मीच तो," म्हणाला.

त्याची खोली त्यांनी झटक्यात उलटीपालटी केली. विद्यार्थी संघासाठी रंगवलेले दोन फलक सापडले, तेवढं पुरलं. माझ्या खोलीत मात्र बराच वेळ होते. ते कपाट तुला माहीतच आहे. थॉर्नबीची पत्रं, त्याच्या सफरींची पुस्तकं, नकाशे, सगळं खाली काढलं. त्यांच्या म्होरक्याने एक पत्र उजेडात धरलं. "हे इंग्रजी काय आहे?" मी सांगितलं, दीडशे वर्षांपूर्वीचा इंग्रज नौदल कप्तान होता, आपल्या स्वातंत्र्ययुद्धात आपल्या बाजूने लढला. त्याने कागद घडीवर घडी घालून जपून परत ठेवला. सुनी, कागद जपून ठेवला. इस्माएलला मात्र जिन्यावरून ढकलत नेलं.

तेव्हापासून फिरतोय. तुरुंगाचं दार, इस्पितळ, बंदर. सगळीकडे बायकांच्या रांगा. एक खिडकी दुसऱ्या खिडकीकडे पाठवते आणि दुसरी म्हणते असं नावच नाही. तू येऊ नकोस. आईला सोडून येता येणार नाही आणि आलीस तरी रांगेत उभं राहण्यापलीकडे काही करता येणार नाही. ते काम मी करतोय.

तुझा भाऊ
एवारिस्तो


चियान, ७ ऑक्टोबर १९७३

एवारिस्तो,

परसात जा म्हणालास, गेले. तिथेच बसून राहिले. आई आतून हाका मारत होती, मला ओ देता येईना.

मीठ विसरलास ते लिहितोस आणि त्याच्या अंगावर काय होतं ते लिहीत नाहीस! स्वेटर होता का? दम्याचं औषध नेऊ दिलं का? काही खाल्लं होतं का त्याने, की तुझा अळणी घेवडा तसाच ताटात राहिला? मला हे सगळं कळायला हवं. तू पुरुष आहेस, तुला फक्त कोण आलं आणि काय म्हणालं एवढंच आठवतं.

आईला सांगितलं की त्याला उत्तरेकडे जाणाऱ्या बोटीवर काम मिळालं. ती म्हणाली, "त्याला तर बोट लागते."

चाळीस वर्षं त्या मेलेल्या इंग्रजाची चिठ्ठीचपाटी गोळा केलीस. तुझी बायको अमांदा बिचारी मरेपर्यंत म्हणायची, आमच्या घरात आम्ही तिघं राहतो. कुठल्या जुन्या बाजारात कुठल्या रद्दीखाली त्याचं पत्र असेल ते तुला वासावरून कळतं. आता तीच अक्कल जिवंत माणसासाठी वापर. शोध त्याला.

सुनिल्दा


वाल्पाराइसो, २८ ऑक्टोबर १९७३

प्रिय सुनिल्दा,

बातमी आहे आणि चांगली आहे. बसून वाच.

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ चष्म्याची काडी सैल झाली म्हणून दुकानात आले. पांढरे केस, कडक इस्त्री, बोलणं मात्र लोण्यासारखं. मी स्क्रू आवळत होतो, ते भिंतीवरची तसबीर बघत होते. म्हणाले, "हा एडवर्ड थॉर्नबी. पण चित्र उलटं छापलंय. बोटं तुटली होती ती डाव्या हाताची." माझ्या हातातून काडीच निसटली. इतक्या वर्षांत त्या माणसाला ओळखणारं हे पहिलं गिऱ्हाईक.

कमांडर लेओनिदास बाराओना. निवृत्त झाले होते, आता नव्या लोकांनी पुन्हा बोलावून कुठल्याशा कचेरीत बसवलंय. कुठल्या ते सांगत नाहीत. त्यांच्याकडे थॉर्नबीची तीन पत्रं आहेत. मी रविवारी चहाला बोलावलं. आल्यावर आधी हात धुतले, मगच कागदाला बोट लावलं. मी त्यांना ते बिस्किटांचं पत्र दाखवलं. थॉर्नबी व्यापाऱ्याला लिहितो, "आपण पाठवलेल्या पिंपात बिस्किटं कमी आणि अळ्या जास्त आहेत. त्यांना खलाशी म्हणून हजेरीपटावर घेऊ का, ते कळवावे." आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

त्या हसण्यातच मला धीर आला. सगळं सांगून टाकलं. त्यांनी कप खाली ठेवला. "आडनाव?" मी म्हटलं, "सानुएसा कार्कामो." "लिहून द्या," म्हणाले.

बुधवारी दुकानात आले. म्हणाले, "तुमचा भाचा उत्तरेत आहे, वाळवंटातल्या छावणीत. खोकला आहे, पण जेवतो." मी काउंटरवर डोकं टेकून रडलो. ते थांबले. मग हलकेच म्हणाले, "ते बिस्किटांचं पत्र काही डोळ्यांपुढून जात नाही, डॉन एवारिस्तो."

मी घरी जाऊन ते घेऊन आलो आणि दिलं. त्यांनी मागितलं नव्हतं हं. मीच दिलं.

एवारिस्तो


चियान, ४ नोव्हेंबर १९७३

माझ्या लाडक्या भावा,

दे! ते पत्र दे, त्याच्यानंतरचं दे, कपाट दे, कपाटाची किल्ली दे. मी तुझ्या थॉर्नबीबद्दल आजवर जे काही बोलले ते सगळं मागे घेते. देवळात त्याच्या नावाने मेणबत्ती लावून आले. पाद्रीबाबांनी विचारलं हा कुठला संत, मी म्हटलं, इंग्रज आहे.

सोबत स्वेटर पाठवते आहे, करड्या लोकरीचा. कमांडरसाहेबांना म्हणावं, वाळवंटात रात्री फार गार होतं. आईला सांगितलं, बोट उत्तरेला पोचली. ती विचारते, "ओकाऱ्या थांबल्या का?"

एकच गोष्ट खटकते. त्याने काही निरोप कसा दिला नाही? माझा मुलगा झोपेतसुद्धा बडबडतो. दोन शब्द लिहून आणायला सांग. त्याच्या हातचे.

तुझी सुनी


वाल्पाराइसो, १६ डिसेंबर १९७३

प्रिय सुनिल्दा,

उशीर झाला, रागावू नकोस.

तो बरा आहे. स्वेटर पोचला, घातलाही. छावणीत खाणकामगार आहेत, त्यांना तो हिशेब शिकवतो आणि त्यांच्याकडून बुद्धिबळ शिकतो. साबणाच्या वड्या कोरून सोंगट्या केल्या आहेत म्हणे. खोकला खूपच कमी आहे. हातचं लिहिलेलं बाहेर आणायला बंदी आहे, ते नियम कमांडरच्याही हातात नाहीत.

कमांडर दर रविवारी येतात. आताशा माझ्या खुर्चीत बसतात, खिडकीजवळच्या. पूर्वी एखादं पत्र बघून परत ठेवायचे. आता मखमलीचं अस्तर लावलेली पेटी घेऊन येतात. लंडनला छापलेला सफरीचा ग्रंथ गेला, मोठ्या नकाशासकट. थॉर्नबीवर खार खाऊन असलेल्या, त्याच्या जहाजावरच्या हिशेबनिसाने त्याच्याविरुद्ध छापलेली पत्रिका गेली. तुला आठवते ना, ती मिळवायला मी अमांदाला आजारपणात सोडून सान्तियागोला गेलो होतो? कमांडर म्हणतात, "संग्रह एकाच हातात असावा. विखुरला की रद्दी."

फेर्मिनचं पुस्तकांचं दुकान बंद आहे. माझ्याकडचं निम्मं त्याच्याकडून आलेलं. त्याचा मुलगा शिक्षक होता, तोही सप्टेंबरपासून घरी आलेला नाही. गेल्या रविवारी कमांडरची पेटी उघडली तेव्हा त्यात फेर्मिनच्या खास काचेच्या कपाटातलं पुस्तक होतं, आणि किल्पुएच्या मालविना ओयार्से बाईंच्या सहीचं आणखी एक. त्या बाईंची मुलगी परिचारिका आहे. आहे म्हणजे, होती, तिला नेईपर्यंत. मी विचारलं, "त्यांनी हे विकलं?" कमांडर म्हणाले, "छे, भेट दिली. लोक फार उदार असतात, डॉन एवारिस्तो."

नाताळला आईसाठी केक पाठवतोय. तिला सांग, बोटीवर सगळं ठीक आहे.

एवारिस्तो


चियान, २० जानेवारी १९७४

एवारिस्तो,

बाजारात क्लोरिंदा म्हणून एक बाई टोमॅटो विकते. तिचा नवरा सुटून आला. उत्तरेच्या छावणीतून, तुझा कमांडर सांगतो त्याच. मी काल त्यांच्या घरी गेले. माणूस भिंतीकडे तोंड करून बसतो, बायकोने घास भरवला तरच जेवतो. मी इस्माएलचा फोटो दाखवला. त्याने नीट बघितला. म्हणाला, "आम्ही एकमेकांचे चेहरे पाठ करायचो, बाई. बाहेर आल्यावर घरच्यांना सांगता यावं म्हणून. हा चेहरा माझ्याकडे नाही."

मी म्हटलं, दुसऱ्या बराकीत असेल. तो म्हणाला, "असेल." मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाला, ते कळलं मला.

म्हणून आता एक काम कर. कमांडरला सांग, पुढच्या खेपेला इस्माएलला एवढंच विचारून या: लहानपणी आपल्या परसातल्या लंगड्या कोंबडीला तू काय म्हणायचास? यात सरकारविरोधी काही नाही. कोंबडी मरून पंधरा वर्षं झाली. उत्तर आलं की मी गप्प बसेन, पुन्हा काही विचारणार नाही.

आईने हल्ली बोटीची चौकशी बंद केली आहे.

सुनिल्दा


वाल्पाराइसो, ३ फेब्रुवारी १९७४

प्रिय सुनिल्दा,

विचारलं. कमांडरांनी माणूस पाठवून विचारून घेतलं. तो हसला म्हणे आणि म्हणाला, "बिशप." कोंबडीला बिशप म्हणायचा.

आता तरी शांत झोप.

एवारिस्तो


चियान, ८ फेब्रुवारी १९७४

बिशप हे नाव तू ठेवलं होतंस. ईस्टरला आला होतास तेव्हा. ती मान ताठ करून चालायची म्हणून. आम्ही सगळे बिशप म्हणायचो, पण त्याला तो शब्द यायचा नाही. तो तिला "इपा" म्हणायचा, शाळेत जाईपर्यंत. तू तेव्हा इथे नव्हतास, तुला कसं माहीत असणार?

हे उत्तर त्याचं नाही. कमांडरचंही नाही, त्याला आपल्या कोंबड्या काय ठाऊक. हे उत्तर तुझं आहे, एवारिस्तो.

काय झालंय ते लिही. सगळं लिही.


वाल्पाराइसो, १७ फेब्रुवारी १९७४

सुनिल्दा,

तो नाही. सप्टेंबरातच गेला. नेल्याच्या दुसऱ्या दिवशी.

मला नोव्हेंबरच्या शेवटी कळलं. एका इस्पितळातली नर्स नेहमी माझ्याकडून चष्मा करून घेते. इस्माएल काउंटरवर असला की त्याची चेष्टा करायची, त्यामुळे चेहरा ओळखत होती. दुकानात कोणी नाही असं बघून तिने सांगितलं. त्याला तिकडे आणलं तेव्हाच श्वास नव्हता. अंगावर काय होतं, हे तू विचारलं होतंस. निळा सदरा होता. औषधाची बाटली खिशात होती, भरलेली.

डिसेंबरचं पत्र मी हे सगळं माहीत असताना लिहिलं. कमांडर फक्त "बरा आहे, खोकला कमी आहे" म्हणायचा. खाणकामगार, बुद्धिबळ, साबणाच्या सोंगट्या, हे सगळं मी रचलं. लिहिताना एका ठिकाणी मलाच बरं वाटलं, कारण तो तिथे बसून सोंगट्या कोरताना मला दिसला. मला थांबवेना.

तू विचारशील, मग त्यानंतरही कपाट का रिकामं केलंस? नर्सने सांगितलं त्याच रविवारी मी बाराओनाच्या तोंडावर म्हटलं, "भाचा मेला आहे. तुम्हाला माहीत होतं." मला वाटलं, दचकेल, चिडेल, निदान उठून जाईल. तो माझ्या खुर्चीत बसून होता. रुमालाने चष्मा पुसला आणि म्हणाला, "मग आता आपण वेगळ्या गोष्टीबद्दल बोलू. कुठे ठेवलंय, ते तुम्हाला हवं असेल."

हवं होतं. काय करू, सुनी, हवंच होतं. तुझ्या हातात निदान एक जागा तरी द्यावी असं वाटलं. म्हणून देत गेलो. तो दर रविवारी थोडं थोडं सांगायचा. शहरातच आहे. डोंगरावरच्या दफनभूमीत आहे. उताराच्या बाजूला. एकेका वाक्याला एकेक पुस्तक.

शेवटी एकच पत्र उरलं, ते मी गादीखाली ठेवलं होतं. थॉर्नबीने चिलोए बेटावरच्या एका खलाशाच्या आईला लिहिलेलं. तिचा मुलगा तापाने गेला होता. कुठे पुरला, जवळ कुठलं झाड आहे, समुद्र कुठल्या अंगाला आहे, सगळं त्याने त्या अडाणी बाईला नकाशा काढून कळवलं होतं. बाराओनाने ते माझ्यासमोर वाचलं. त्याचे डोळे भरून आले. खरंच भरून आले. "काय माणूस होता!" म्हणाला. मग पत्र पेटीत ठेवलं आणि मला सांगितलं, उतारावरची खालची रांग, भिंतीला लागून, नावाशिवायचा क्रूस.

मी जाऊन आलो. क्रूस आहे. फुलं ठेवली.

मला क्षमा कर असं लिहिणार होतो. लिहीत नाही.

एवारिस्तो


चियान, १० मार्च १९७४

एवारिस्तो,

तीन आठवडे पेन हातात धरलं नाही.

आईला सांगायला गेले. तिची उशी सारखी करत बसले. तीच म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून कळलंय. तू परसात बसून राहिलीस तेव्हाच. तुझ्यासाठी बोटीची चौकशी करत होते." मग मला कुशीत घेतलं. अंथरुणातून उठता येत नाही तिला, मीच वाकले.

तुझ्यावर रागवायचं आहे. पण आधी एक सांग. ज्या माणसाने तुला मेलेला मुलगा जिवंत म्हणून विकला, त्याने दुसऱ्याच कोणाचा क्रूस आपला म्हणून विकला नसेल कशावरून? त्याच भिंतीजवळचा तोच क्रूस त्याने फेर्मिनलाही दिला असेल. त्या ओयार्से बाईंनाही. तुम्ही तिघं तीन दिवशी येऊन एकाच मातीवर फुलं ठेवत असाल.

मी त्याच्या शब्दावर गुडघे टेकणार नाही. मला माझा मुलगा कुठे आहे ते हवंय, कमांडरला काय सांगावंसं वाटलं ते नको.

सुनिल्दा


वाल्पाराइसो, २१ एप्रिल १९७४

प्रिय सुनी,

तुझं पत्र वाचून मी फेर्मिनकडे गेलो. दार किलकिलं करून त्याने आत घेतलं. विचारलं. त्याने बोटाने हवेत उतार काढला, मग भिंत, मग क्रूस. तुझं खरं होतं.

परत आलो तर दुकानात बाराओनाचा नोकर निमंत्रण घेऊन उभा. कमांडरच्या घरी "कॅप्टन थॉर्नबी संग्रह" मांडला आहे, शनिवारी दुपारी मान्यवर मंडळी येणार, आणि संग्रह कसा जमला हे मी चार शब्दांत सांगावं. प्रत्येक वस्तू कोणाच्या हातून कोणाच्या हाती आली हे सांगायची आम्हा संग्राहकांत पद्धत असते. मी म्हटलं, "येतो."

काल गेलो. अमांदाच्या अंत्यविधीला घातला होता तोच सूट. मोठा दिवाणखाना, काचेची कपाटं, प्रत्येक वस्तूखाली पांढरी चिठ्ठी. गणवेशातले लोक, त्यांच्या बायका, एक पाद्री, एक डॉक्टर, वाइनचे पेले. बाराओनाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "या माणसाशिवाय हे शक्य नव्हतं," म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी पहिल्या कपाटाशी गेलो. आवाज दुकानातला आला, गिऱ्हाइकाला नंबर सांगतानाचा. म्हटलं, "हे बिस्किटांचं पत्र. मी जुन्या बाजारातून एका फुटक्या दुर्बिणीबरोबर घेतलं. कमांडर साहेबांना दिलं तेव्हा त्याबद्दल मला मिळालं: मुलगा जेवतो आहे." लोक हसले. त्यांना काहीतरी गंमत वाटली. मी पुढे सरकलो. "हा सफरीचा ग्रंथ. याबद्दल मिळालं: खोकला कमी आहे. तेव्हा तो मुलगा मरून दोन महिने झाले होते. इस्माएल सानुएसा कार्कामो, माझ्या बहिणीचा मुलगा." आता कोणी हसेना. "ही पत्रिका. याबद्दल: तो शहरातच आहे. हा दुसरा नकाशा: दफनभूमीत आहे. हे पुस्तक माझं नाही, फेर्मिनचं आहे, त्याला काय मिळालं ते त्याला विचारा. हे ओयार्से बाईंचं. त्यांच्या मुलीची बातमी या पुस्तकाच्या बदल्यात आली."

बाराओना म्हणाला, "डॉन एवारिस्तो दमले आहेत." अगदी मऊ आवाजात. कोणीतरी माझा दंड धरला. मी शेवटच्या कपाटाकडे बोट केलं. "आणि हे एका आईला लिहिलेलं पत्र. याबद्दल मला एक क्रूस मिळाला. तोच क्रूस फेर्मिनलाही विकलेला आहे." बाराओनाच्या बायकोने पेला टेबलावर ठेवला आणि ती खोलीतून निघून गेली. मागे वळून पाहिलं नाही तिने.

मला दाराकडे नेलं. कोट घालत होतो. शेजारी तो डॉक्टर हातमोजे चढवत होता, एकाच बोटाशी झटापट करत. माझ्याकडे न बघता पुटपुटला, "खालची रांग नाही. वर, सरूच्या झाडाखाली. लुईस दियास नावाने. मृत्यूचा दाखला मी केला होता." मी वळलो तोवर तो पायऱ्या उतरत होता.

दफनभूमी बंद झाली होती. आज सकाळी जाणार होतो, पण सकाळपासून समोरच्या वळणावर एक गाडी उभी आहे. तिच्यातले लोक खाली उतरत नाहीत आणि जातही नाहीत. निकानोरला मागच्या जिन्याने बोलावलंय. हे पत्र तुझ्या हाती पडलं की माझं काम झालं. सरूचं झाड, सुनी. लुईस दियास. विसरू नकोस.

दार मी लावलेलं नाही. लावून उपयोग नाही.

तुझा
एवारिस्तो


चियान, ११ ऑगस्ट १९७४

प्रिय एवारिस्तो,

हे टपालाने पाठवते आहे, कारण तुझ्या बेटावर निकानोरची बस जात नाही. पत्र तुझ्याआधी दुसरं कोणीतरी वाचणार, हे माहीत आहे. वाचू दे. त्यांच्यासाठी अक्षरही नीट काढते आहे.

तुला नेलं ते तुझ्या शेजारच्या एल्सिराकडून कळलं. नंतर कित्येक आठवडे काहीच नाही. बस आली की मी निकानोरला विचारायचे, तो नुसती मान हलवायचा. मग तुला चिलोएत ठेवलंय, गाव सोडायची मनाई आहे पण जिवंत आहेस, असा कागद आला. तरी मी विश्वास ठेवला नाही. तुझं दोन ओळींचं कार्ड आलं, त्यात तू जेवणातल्या मिठाबद्दल कुरकुर केली होतीस, तेव्हा ठेवला. दात किती उरलेत ते पुढच्या पत्रात खरं सांग. खोटं ओळखता येतं मला.

तुझं दुकान त्यांनी मोकळं केलं. बाराओना आहे तिथेच आहे. त्याची बायको मात्र बहिणीकडे गेली ती परतली नाही, आणि त्या घरी चहाला आता कोणी जात नाही, असं एल्सिरा म्हणते. डॉक्टरचं काय झालं ते कोणी सांगत नाही.

आईला क्लोरिंदाच्या हवाली करून मी गेल्या आठवड्यात वाल्पाराइसोला गेले. फेर्मिन दफनभूमीच्या दाराशी आला होता. आम्ही आधी कधी भेटलो नव्हतो, पण त्याने माझी पिशवी घेतली. सरूच्या झाडाखाली लाकडी क्रूस होता, त्यावर लुईस दियास. मी तिथल्या माळ्याला विचारलं, "याला पुरलं तेव्हा कोण होतं?" तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "घरचं कोणी नाही. एक डॉक्टर होता, हॅट काढून उभा. नंतरही यायचा, एकटाच." मग मी गुडघे टेकले. डॉक्टरला तिथे उभं राहून कोणाकडून काही मिळणार नव्हतं, एवढं मला पुरलं.

मी चाकूने ते दुसरं नाव खरवडून काढलं. काळा रंग आणि बारीक ब्रश सोबत नेला होता. फेर्मिन म्हणाला, "सुनिल्दाबाई, दाराशी गाडी आली आहे. आतून बघताहेत." मी म्हटलं, "बघू देत." तो पळाला नाही. माझ्या आणि गाडीच्या मध्ये उभा राहिला, एवढासा माणूस. त्याचा मुलगा अजून सापडलेला नाही.

मी पूर्ण नाव लिहिलं. बापाचं आडनाव, आपलं आडनाव, सगळं. खाली तारीख घातली, तू कळवलेली, खरी. मग दव पडत होतं म्हणून रंग वाळेपर्यंत शाल वर धरून बसले. ते गाडीतून उतरले नाहीत. अंधार पडायच्या आत आम्ही त्यांच्या अंगावरूनच बाहेर पडलो.

पुढच्या महिन्यात परत जाणार आहे. त्यांनी नाव पुसलं असेल तर पुन्हा लिहीन. डबा अजून भरलेला आहे.

तुझी
सुनिल्दा